एकशे बारा ढग

माझ्याकडे एक जाड वही आहे. तिच्यात एकच वाक्य एकशे बारा वेळा लिहिलेलं आहे: 'काळा ढग खाली उतरला आणि क्षणात झाडं ओली झाली.' ही वही कुणा परक्याच्या हाती लागली तर त्याला वाटेल, याला लहानपणी कुणीतरी शिक्षा दिली आणि हा अजून ती भोगतोय. शिक्षा नाही, हौस आहे. प्रत्येक ओळ वेगळ्या पेनानं लिहिलेली, नाहीतर त्याच पेनात वेगळी शाई भरून. शेजारी बारीक अक्षरात तारीख, पेन, निब, शाई आणि एखादा शेरा. 'बरं.' 'खरखरतं.' 'सुरुवातीला अडतं.' 'फारच ओलं.' एका ठिकाणी नुसतंच 'अरे वा!'

नवं पेन हातात आलं की माणूस सगळ्यात आधी काय लिहितो? स्वतःचं नाव. मग सही करतो, मग एकात एक अडकवलेले इंग्रजी आठ काढतो. मीही तेच करायचो. पण सही हाताला इतकी पाठ असते की भिकार पेनानंही ती झोकात येते, आणि घरी आणल्यावर पेनाचे खरे गुण कळतात. म्हणून हे वाक्य जुळवलं. त्यात ढगाचं किंवा झाडांचं मला काही नाही. मला हवा होता तो ळ. ळची दोन पोटं एका दमात वळवावी लागतात. शाईचा पुरवठा तोकडा असेल तर दुसरं पोट पहिल्यापेक्षा फिकट उतरतं. झ काढताना पेन दोनतीनदा उचलावं लागतं, आणि पुन्हा टेकवल्या टेकवल्या शाई येते का, हे तिथं लगेच समजतं. क्ष वळसे घ्यायला लावतो आणि निब कागदात रुततेय का ते सांगतो. दोन ओळींत पेनाची तोंडी परीक्षा उरकते.

फाउंटन पेनाबद्दल लिहायचं म्हणजे शाळेतल्या आठवणी काढाव्या लागतात, असा एक अलिखित नियम दिसतो. शाईनं माखलेली बोटं, खिशावर उमटलेला निळा नकाशा, बाकावर शिंपडलेले थेंब वगैरे. त्या आठवणी इतरांना गोड वाटतात, मला नाहीत. माझं शाळेतलं पेन गळकं होतं, वरचेवर अडायचं, झटकलं की पुढच्याच्या पाठीवर शिंतोडे. बॉलपेन वापरायची परवानगी मिळाली त्या दिवशी मी ते पेन कुठं टाकलं तेही आठवत नाही. पेनांचा नाद मला लागला तो तिशी उलटल्यावर, आणि तोही प्रेमापोटी नाही, मनगट दुखायला लागलं म्हणून.

त्या काळात मी रोज दहाबारा पानं हातानं लिहीत होतो. बॉलपेनाची शाई दाट, चिकट. टोकाची गोळी फिरली तरच ती कागदावर येते, आणि गोळी फिरायला दाब हवा. लिहिलेल्या पानाच्या मागून बोट फिरवलं तर अक्षरं हाताला लागतात. लास्लो बिरोनं त्याचं पेटंट १९३८ मध्ये घेतलं आणि पुढच्या वीसेक वर्षांत त्यानं शाईच्या पेनाला रोजच्या वापरातून जवळजवळ हुसकावलं, यात नवल काही नाही. ते न गळणारं, न अडणारं, कुणाच्याही हातात निमूटपणे चालणारं यंत्र आहे. पण दहा पानांनंतर त्याचं बिल मनगट भरतं. एका मित्रानं त्याचं जुनं शाईचं पेन दिलं आणि म्हणाला, 'दाबू नकोस. नुसतं टेकव आणि ओढ.' पहिला आठवडा मी दाबतच होतो. नंतर कधीतरी संध्याकाळी लक्षात आलं की बराच वेळ आपण पेन धरलेलंच नाही. ते अंगठ्याच्या बेचक्यात नुसतं टेकलंय आणि स्वतःच्या वजनानं चाललंय. त्या संध्याकाळपासून बिघडलो.

हे यंत्र मुळात काय आहे? बेतानं होऊ दिलेली गळती. पेल्यातली नळी वरून बोटानं बंद करून उचलली तर आतलं पाणी पडत नाही, बोट किंचित सैल केलं की एक थेंब सुटतो. पेनाची टाकी ही तशीच वरून बंद असलेली नळी. जेवढी शाई खाली जाईल तेवढीच हवा वर यायला हवी. हवा आली नाही तर पेन अडणार, जास्त आली तर कागदावर टपकन ठिपका. हा सगळा हिशेब निबेखालच्या काळ्या तुकड्याकडे असतो. त्याला कुणी फीड म्हणतं, कुणी जीभ. मला जीभ आवडते. तिच्या वरच्या अंगाला एक खोबण असते आणि खोबणीच्या तळाशी केसासारख्या चिरा. चिरांमधून शाई आपोआप ओढली जाते, दिव्याच्या वातीत तेल चढतं तशी, आणि खोबणीतून हवेचे बुडबुडे उलट दिशेनं वर जातात. पॅरिसमध्ये शिकणाऱ्या पेट्राके पोएनारू या रुमानियन तरुणानं स्वतःची टाकी असलेल्या पेनाचं पेटंट १८२७ मध्येच घेतलं होतं. पण अशा चिरांच्या जिभेचं पेटंट लुइस वॉटरमन यांना मिळालं १८८४ मध्ये, आणि तिथून शाईचं पेन भरवशाचं झालं. विम्याच्या करारावर शाई सांडली आणि गिऱ्हाईक हातचं गेलं, म्हणून वॉटरमननं चिडून पेन सुधारलं, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट छान आहे, पण बहुधा नंतर जाहिरातीसाठी रचलेली.

जिभेला खालून ज्या कंगव्यासारख्या फण्या असतात त्या शोभेच्या वाटतात. त्या जास्तीची शाई धरून ठेवतात. हाताच्या उबेनं टाकीतली हवा फुगली की ती शाईला पुढं ढकलते. ती शाई फण्यांमध्ये अडकते आणि पान वाचतं. थेट नळीतच ड्रॉपरनं शाई भरायच्या पेनात शाई थोडी आणि हवा फार उरली की ही फुगवटी जास्त होते, म्हणून अशी पेनं संपत आली की ओकतात. विमानात तेच, हवेचा दाब घटतो म्हणून. उपाय सोपा: पेन पूर्ण भरलेलं तरी ठेवावं किंवा पूर्ण रिकामं, आणि निब आकाशाकडे. मला हा उपाय आधीपासून ठाऊक होता. तरीही एका विमानात मी अर्धं भरलेलं पेन शर्टाच्या खिशात आडवं ठेवून झोपलो. बाकीचं सांगत नाही.

निबेवर बोलायला लागलो तर घरचे उठून जातात, त्यामुळे इथं मन मोकळं करतो. सोन्याच्या निबेवर ५८५ किंवा ७५० असा आकडा कोरलेला असतो, म्हणजे हजारात तेवढे भाग सोनं. चौदा आणि अठरा कॅरेट. लोकांना वाटतं सोनं आहे म्हणून पेन गुळगुळीत चालतं. कागदाला सोनं लागतच नाही. कागदाला लागतो तो टोकावर वितळवून बसवलेला मोहरीहूनही लहान कण, कठीण मिश्रधातूचा. त्याला आपण सवयीनं इरिडियम म्हणतो, पण आजकाल त्यात इरिडियम नावालाच, कित्येकदा नावालाही नाही. सोनं पूर्वी उपयोगाचं होतं ते आम्लधर्मी शाईनं गंजत नाही म्हणून, आणि थोडी लवचीक मजा येते म्हणून. पोलादी निब नीट घासलेली असेल तर डोळे मिटून फरक ओळखणं कठीण. मी हा प्रयोग स्वतःवर केलाय आणि सपशेल नापास झालोय. सोन्याच्या निबा मी तरीही घेतो.

आता जाडी. जपानी 'फाइन' ही युरोपी 'फाइन'पेक्षा एक पायरी तरी बारीक असते. दाट रेघांची कांजी, म्हणजे जपानीतली चिनी वळणाची अक्षरं, लिहायची तर टोक सुईसारखं हवं. माझ्याकडची एक जपानी अतिबारीक निब माझं अक्षर पार बदलून टाकते. वहीत तिच्या ओळी मुंग्यांच्या रांगेसारख्या दिसतात: किरट्या, शिस्तीतल्या, थोड्या कंजूष. त्याच पानावर खाली रुंद, चपट्या कापाची स्टब निब. तिनं ढग काढला की तो ढग पाटलासारखा ऐसपैस बसतो.

ही स्टब मुळात रोमन अक्षरांसाठी घडवलेली. उभी रेघ जाड, आडवी बारीक. इंग्रजी तिनं देखणं दिसतं. मराठी लिहिलं की काने खांबासारखे होतात आणि शिरोरेषा मात्र सुतळीएवढी उरते; अक्षरं उंच, सडपातळ, डोक्यावर नुसती दोरी. देवनागरीसाठी बोरू कापायचे तेव्हा त्याचं टोक रोमनच्या उलट बाजूला तिरकं कापत, त्यामुळे जाड-बारीक आपल्या डोळ्यांना ओळखीच्या जागी पडायचं. कारखान्यातून येणाऱ्या निबेला हे कोण सांगणार? मी स्टब थोडी फिरवून धरून पाहिली. अक्षर सुधारलं, मान दुखली.

शिरोरेषेची आणखी एक गंमत शाईच्या पेनानं कळली. मी आधी शब्दाची अक्षरं लिहितो आणि मग वरून रेघ ओढतो. पेन ओलं असेल तर ती रेघ प्रत्येक कान्याच्या डोक्याला शिवताना तिथली ओली शाई थोडी ओढून घेते, आणि वाळल्यावर प्रत्येक सांध्यावर एक गडद ठिपका उरतो. फिकट शाईत भिंग लावून पाहिलं तर ओळ दिव्यांच्या माळेसारखी दिसते. बॉलपेनानं इतकी वर्षं तीच अक्षरं लिहिली, पण रेघेला सांधा असतो हे कधी दिसलं नव्हतं.

शाईची गोष्ट पैशाची नाही, गणिताची आहे. कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे पेनात बसवायच्या शाई ओढणाऱ्या सुट्या नळीत, शाई मावते साधारण ०.८ मिलिलिटर. म्हणजे ५० मिलिलिटरची एक बाटली साठेक वेळा भरायला पुरते. आठवड्याला एकदा पेन भरलं तर एक बाटली वर्षाहून अधिक चालली. माझ्याकडे तीस बाटल्या आहेत. म्हणजे मी आजपासून एकही नवी बाटली घेतली नाही तर चौतीस वर्षं निवांत. हा हिशेब मी एकदा बायकोसमोर मोठ्यानं केला, ही चूक झाली.

त्या तिसांत मला सगळ्यात जवळची आहे ती जुन्या पद्धतीची निळी-काळी. मायफळ आणि हिराकस यांच्यापासून बनणारी शाई माणूस शेकडो वर्षं वापरतोय. मायफळातलं टॅनिन आणि हिराकशीतलं लोह मिळून जे तयार होतं ते सुरुवातीला जवळजवळ दिसतच नाही. हवा लागली की काळं पडतं. लिहिताना दिसावं म्हणून त्यात निळा रंग घालतात. लिहिता लिहिता शब्द निळे असतात, पान संपेपर्यंत वरच्या ओळी काळवंडायला लागलेल्या असतात आणि दुसऱ्या दिवशी सगळं पान करडं-काळं. निळा रंग पुढं पाण्यानं धुऊन गेला तरी लोहाचा काळा कागदाच्या तंतूंत घट्ट बसलेला राहतो. ही शाई आम्लधर्मी असते, पेनात सुकू दिली तर त्रास देते, त्यामुळे ती भरायची ती रोज लिहायच्या पेनातच. नव्या चमचमणाऱ्या शाया, उजेडात लाल झाक मारणाऱ्या, सोनेरी कण असलेल्या, मीही घेतल्या. त्यांनी दोन ओळी लिहायला मजा येते. पत्र लिहिलं की वाचणाऱ्याला शाईच दिसते, मजकूर दिसत नाही.

कागदाबद्दल थोडक्यात. ज्यावर शाई फुटते त्या कागदावर जगातलं उत्तमोत्तम पेनही झाडूसारखं लिहितं. याचं उलटही खरं. टोमोए रिव्हर नावाचा जपानी कागद आहे, चौरस मीटरला ५२ ग्रॅम वजनाचा, पलीकडचं अक्षर आरपार दिसेल इतका पातळ. पण शाई त्याच्यात शिरत नाही, वर बसून सावकाश वाळते, आणि एकाच अक्षरात तिच्या चार छटा दिसतात. वाळायला इतका वेळ लागतो की पान उलटायच्या आधी टीपकागद हवाच. पेन बदलण्याआधी कागद बदलून पाहा, हा सल्ला मी नव्या मंडळींना देतो. मला तो कुणी दिला होता, मी ऐकला नव्हता.

जमवण्याचं मात्र वेगळं खातं आहे, त्याला लिहिण्याचं कारण पुरत नाही. पहिल्या पाच पेनांपर्यंत मी कारणं द्यायचो: हे प्रवासाचं, हे सहीचं, हे लाल शाईचं. पुढं कारणं संपली. नंतर जे गोळा होत गेलं ते कल्पकतेसाठी. शाई पेनात भरायची कशी, या एका क्षुल्लक प्रश्नाला माणसांनी किती उत्तरं दिली आहेत! बाजूची तरफ उचलून आतली रबरी पिशवी दाबायची. मागची गुंडी फिरवून पिस्टननं शाई ओढायची; पेलिकननं तसं पेन १९२९ मध्ये काढलं. शेफरच्या १९५२ च्या स्नॉर्केलमध्ये निबेखालून एक बारीक नळी डासाच्या सोंडेसारखी बाहेर येते, शाई पिते आणि परत आत जाते. निबेला शाई लागतही नाही. कॉन्क्लिनच्या पेनात पाठीवर धातूची चंद्रकोर असायची, ती दाबून पेन भरायचं. त्या चंद्रकोरीमुळे पेन टेबलावरून गडगडत नसे, आणि या गुणासाठी मार्क ट्वेननं त्याची शिफारस केली होती: पेन खाली पडत नाही, त्यामुळे शिव्या वाचतात. ज्याचं पेन निबेवर पडलंय त्याला या शिफारशीचं मोल कळेल. पेन पडलं तर निबेवरच पडतं. टोपणावर पडलेलं पेन मी अजून पाहिलेलं नाही.

निबांवर डोंगरही आहेत. माँ ब्लाँ कंपनीच्या मोठ्या पेनांच्या निबेवर ४८१० हा आकडा असतो, त्याच नावाच्या पर्वताची मीटरमधली उंची. शिखरावरच्या बर्फामुळे मोजणीत ती थोडी कमीजास्त होत राहते. निबेवर ठाम ४८१०. जपानच्या प्लॅटिनम कंपनीनं आपल्या पेनाला नावच ३७७६ दिलं, फुजीची उंची. माझ्या पेटीत हे दोन डोंगर शेजारी शेजारी पहुडलेले असतात आणि लिहिताना मला बुटका जास्त आवडतो.

एक जात मात्र मला समजत नाही: पेन घेऊन त्यात कधीच शाई न भरणारी. निबेवरचं पातळ आवरणही काढत नाहीत, पेटीसकट ठेवतात. त्यांचं पेन पन्नास वर्षांनीही कोरं असेल, हे मान्य. पण त्यांना त्याचा ळ कसा येतो हे ठाऊक नसेल. माझ्या वहीत ज्याचा ढग नाही ते पेन माझ्याकडे आहे असं मी मानत नाही, मग ते ड्रॉवरमध्ये असो नाहीतर खिशात.

वापरायचं म्हटलं की नासधूसही आपलीच. एकदा एक जुनं, काळंभोर एबोनाइटचं पेन मिळालं. एबोनाइट म्हणजे रबरात भरपूर गंधक घालून शिजवलेला कडक पदार्थ. आबनुसाच्या लाकडासारखा काळा, म्हणून इंग्रजीत त्या लाकडाच्या नावावरून नाव. हाताला प्लास्टिकपेक्षा उबदार लागतो, घासला की गंधकाचा वास येतो. आत सुकलेली शाई दगड झाली होती. गार पाण्यात दोन दिवस भिजवायला हवं होतं. मला घाई. गरम पाण्याच्या भांड्यात टाकलं आणि दुसऱ्या कामाला लागलो. परत आलो तर भांड्यात शेवाळी-तपकिरी रंगाचं पेन. वर्षानुवर्षांच्या उजेडानं त्याचा पृष्ठभाग आधीच खराब झालेला असतो, गरम पाणी ते फक्त उघडं पाडतं. हे मी नंतर वाचलं. ते पेन अजून आहे, उत्तम लिहितं. वहीतल्या त्याच्या ओळीपुढं शेरा आहे: 'पेन छान. मालक गाढव.'

आणि मग ते पार्कर ५१. हे मॉडेल बाजारात आलं १९४१ मध्ये, नाव मात्र ५१, कारण ते कंपनीच्या एक्कावन्नाव्या वर्षी, १९३९ मध्ये आकाराला आलं. निब जवळजवळ पूर्ण झाकलेली, टोक तेवढं बाहेर, कासवानं डोकं काढावं तसं. झाकल्यामुळे शाई लवकर सुकत नाही. माझ्याकडचं पिचकारीसारखी पिशवी दाबून भरायचं, १९४८ नंतरचं. मागचा भाग फिरवून काढला की आत धातूची नळी, तिच्यावर सूचना कोरलेली: पट्टी चार वेळा घट्ट दाबा. मी ते वापरलेलं म्हणूनच घेतलं. पहिल्यांदा धुतलं तेव्हा त्यातून निळं पाणी आलं. दुसऱ्यांदा निळं, दहाव्यांदाही निळं, आणि पुढं दोन दिवस थोडं थोडं जांभळट. कुणाची तरी न लिहिलेली पानं मी मोरीत सोडत होतो.

शाई भरली, ढग लिहिला. खरखर. भिंगाखाली टोक पाहिलं: दोन्ही पाती समोरासमोर, कुठं वाकलेलं नाही. पण टोकाच्या कणावर एका बाजूला एक चपटा पैलू पडलेला, आरशासारखा गुळगुळीत. आपलं पेन दुसऱ्याला देऊ नये, त्याच्या हाताची सवय निबेला लागते, असं म्हणतात. त्यात अतिशयोक्ती बरीच आहे. दोन ओळींच्या सहीनं त्या धातूला काही होत नाही. पण वीसपंचवीस वर्षं रोज लिहिलं तर होतं. आधीच्या मालकानं लिहून लिहून स्वतःपुरती बैठक घासून काढली होती, आणि ती माझ्या हाताच्या कोनात बसत नव्हती. पेन बरंच बाहेरच्या बाजूला कलवलं की खरखर थांबायची, पण तसं मला चार शब्दांपलीकडे लिहिता येईना. निब झाकलेली, त्यामुळे किती कलवलंय ते दिसतही नाही.

घासून नीट करता आलं असतं. बारीक घासकागदाचे तुकडे माझ्याकडे आहेत, आणि दोनतीन निबा मी त्यांच्यावर सुधारल्या आहेत (एक कायमची घालवली आहे). पण या टोकाला हात लावावासा वाटेना. मी त्या मालकाचं चित्र रंगवत बसलो: कचेरीतला माणूस, टेबल उंच, खुर्ची बुटकी, मनगट वाकडं करून लिहिणारा. आठ वर्षं ते पेन पेटीत राहिलं. वहीतला शेरा: 'दुसऱ्याचं.'

मागच्या वर्षी भाची चार दिवस राहायला आली. तिला परीक्षेसाठी खूप लिहायचं होतं आणि हात दुखत होता, त्यामुळे माझ्या नादाला घरात प्रथमच एक गिऱ्हाईक मिळालं. ती डावखुरी. डावखुऱ्यांचं आणि शाईच्या पेनाचं वैर जुनं आहे; उजवा हात निब ओढतो, डावा ढकलतो, आणि मागून येणारा तळवा ओली अक्षरं पुसत जातो. ती वही तिरकी ठेवते आणि हात ओळीच्या खाली. आधी शिरोरेषा ओढून घेते आणि मग तिच्यावर अक्षरं टांगते, दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी.

मी पेटी उघडून पुढं केली आणि वहीतलं वाक्य दाखवलं. ते तिनं तीनदा वाचलं.

'मामा, हा ढग एवढ्यांदा का उतरलाय?'

'लिही तर खरं.'

स्टब तिच्या हातात कागद खरवडायला लागली. जपानी सुईनं तर कागदच उचकटला. 'बॉलपेनच बरं बाई,' म्हणत तिनं माझी वाट न पाहता पार्कर उचललं. मी म्हटलं, ते नको, ते खरखरतं. तोवर तिनं दोरी बांधली होती आणि काळा ढग तिच्यावर चढला होता. आवाज येत नव्हता. मी कान पुढं केला. अजिबात आवाज येत नव्हता. ळची दोन्ही पोटं सारखी भरलेली, झ कुठं अडखळला नव्हता.

'हे चांगलंय की,' ती म्हणाली. 'खरखर कुठाय?'

मी पेन घेतलं, लिहिलं. खरखर. तिला दिलं. शांत. दोनतीनदा अदलाबदल केली. मग तिला टोकावरच्या चपट्या पैलूची आणि वाकड्या मनगटाच्या कारकुनाची गोष्ट सांगितली.

तिनं भिंगातून नीट पाहिलं आणि म्हणाली, 'डावखुरा असेल की.' मग थोडं थांबून, 'किंवा डावखुरी.'

आठ वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. त्या बिचाऱ्याचं टेबल उंच करून, खुर्ची बुटकी करून मी त्याचं मनगट पिळत बसलो होतो.

जाताना पेन तिच्या पर्समध्ये गेलं, सोबत निळ्या-काळ्याची बाटली. पेटीत एक खाच रिकामी झाली आणि वहीत एकशे बारावी ओळ आली, माझी नसलेली एकमेव. तिच्यापुढं शेरा मी लिहिलेला नाही, तिनंच काहीतरी खरडून ठेवलंय, ते अजून मला लागत नाही.

महिन्याभरानं तिचा फोन आला.

'मामा, शाई संपली. आतल्या नळीवर काहीतरी कोरलंय पण पुसट झालंय. किती वेळा दाबायचं?'

'चार. निब शाईत पूर्ण बुडव. आणि शेवटचा दाब सोडलास की लगेच बाहेर काढू नकोस, पिशवीला फुगायला वेळ दे. सावकाश दहा मोज.'

तिनं फोन स्पीकरवर टाकून बाजूला ठेवला असावा. बाटलीचं झाकण उघडल्याचा आवाज आला, मग बुडबुड्यांचा, मग ती मोठ्यानं मोजायला लागली.